आवाज अडवायचा, हवा नाही

रात्री दीड वाजता हातात चालू पंप धरून जिन्याखालच्या खोलीत उकिडवा बसलेला माणूस कसा दिसतो, हे माझ्या घरच्यांनी एकदा पाहून घेतलं आहे.

खोली कसली, अडगळच ती. तिथलं सामान काढून मी दोन मांडण्या बसवल्या होत्या. त्यांवर लेट्यूस, पुदिना, थोडा पालक. वर एलईडीचे दिवे, खाली मातीऐवजी पोषणद्रावणाची टाकी आणि टाकीत बुडबुडे सोडणारा तळहाताएवढा हवेचा पंप. दाराच्या जागी पुस्तकांचं कपाट, ओढलं की उघडणारं. बघणाऱ्याला तिथे खोली आहे हे कळू नये आणि आतला आवाज बाहेर येऊ नये, एवढीच हौस. त्यासाठी आतून सगळ्या भिंतींना तो टोकंटोकं असलेला काळा फोम चिकटवला होता. दोन दिवस त्यात गेले. तरी वरच्या मजल्यावर उशीला कान टेकला की ‘घूंऽऽ’ चालूच.

त्या रात्री पंप सहज हातात उचलला, तर घुंई थांबली. मांडणीवर ठेवला, सुरू झाली. उचलला, बंद. पंप दोन्ही वेळा तितकाच चालत होता. म्हणजे तो हवेतून बोलतच नव्हता. तो मांडणीला सांगत होता, मांडणी भिंतीला आणि भिंत वरच्या पलंगाला. फोमचा या संभाषणाशी काही संबंधच नव्हता.

घरात झाडांसाठी बंद, शांत खोली करायची तर पहिली गोष्ट हीच समजून घ्यावी लागते. आवाज दोन वाटांनी जातो. एक हवेतून आणि दुसरी घरातल्या लाकूड, लोखंड, सिमेंटमधून. मोबाइल व्हायब्रेटवर ठेवून गादीवर टाका, मग तोच लाकडी टेबलावर ठेवा. मोबाइल तेवढाच थरथरतो, पण टेबल त्याचा ढोल होतं. पहिल्या वाटेवरचे उपाय दुसऱ्या वाटेवर चालत नाहीत. लोक बहुतेक वेळा पहिल्या वाटेवर मेहनत घेतात आणि त्रास दुसरीवरून येत असतो.

या पंपात एक रबरी पडदा असतो आणि विजेच्या आवर्तनांच्या चालीवर तो पुढेमागे हलतो. वीज ५० हर्ट्झची असेल तर सेकंदाला ५० वेळा. त्याच्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, एवढं कुणालाही सुचेल. मलाही सुचलं आणि मी कडक रबराचे चार गोल पॅड आणून ठेवले. आवाज कमी व्हायचं सोडून किंचित वाढला.

इथे एक छोटं गणित आहे आणि ते मला फार आवडतं. पॅडवर ठेवलेली वस्तू म्हणजे स्प्रिंगवर ठेवलेलं वजन. त्या जोडीची हेलकावण्याची स्वतःची एक चाल असते आणि ती ठरते पॅड वजनाखाली किती दबला यावरून. पॅड १ मिलिमीटर दबला तर ती चाल साधारण १६ हर्ट्झ. १० मिलिमीटर दबला तर ५ हर्ट्झ. आणि मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग दबला तर बरोबर ५० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे पंपाचीच चाल! झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो चढतच जातो, तसं माझं झालं होतं. हलक्या पंपाखाली कडक रबर म्हणजे न दबणारी स्प्रिंग. पॅड चांगला आहे की नाही हे त्याच्या किमतीवरून कळत नाही. तो डोळ्याला दिसेल इतका दबला पाहिजे. म्हणून पंप आधी जड फरशीच्या तुकड्यावर बसवायचा आणि ती फरशी मऊ स्पंजवर ठेवायची. वजन वाढलं, स्पंज दबला, चाल खाली गेली, कंप वरच अडकला. नाहीतर पंप सरळ इलॅस्टिकच्या दोरीला टांगून द्यायचा. दिसतं गमतीदार, पण यापेक्षा चांगलं काही मला सापडलेलं नाही. पंपापासून टाकीकडे जाणारी नळीही मऊ आणि सैल हवी. ताठ नळी म्हणजे कंपाला दिलेला नवा पूल.

मग तो फोम कशासाठी असतो? याचं उत्तर फार जुनं आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह असं घुमत होतं की वक्त्याचा एक शब्द विरायच्या आत पुढचे शब्द त्यावर चढायचे. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकावर ते दुरुस्त करायचं काम आलं. रात्री सगळं सामसूम झालं की तो शेजारच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या उचलून त्या हॉलमध्ये आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. जितक्या गाद्या जास्त तितका घुमारा कमी. खोल्यांच्या ध्वनिशास्त्राची सुरुवात तिथून झाली. पण सबाइनला हॉलमधलं भाषण रस्त्यावर ऐकू येऊ नये हे साधायचं नव्हतं, हॉलमधल्या लोकांना ते नीट कळावं एवढंच हवं होतं. गादी, फोम, पडदा, गालिचा या वस्तू खोलीच्या आतला आवाज आतल्या आत शोषतात. त्यांच्यातून हवा आरपार जाते, मग आवाजही जातो. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावणाऱ्यांना तर फक्त ट्रे लावल्याचं समाधान मिळतं.

पलीकडे जाणारा आवाज अडवायला वजन लागतं. जड भिंत हवेच्या हेलकाव्याने हलत नाही, म्हणून पलीकडची हवाही हलत नाही. नियम सोपा आहे: भिंतीचं वजन दुप्पट केलं की अडवणूक सुमारे ६ डेसिबलने वाढते. डेसिबलची मोजपट्टी जरा फसवी आहे. १० डेसिबल म्हणजे ऊर्जेत दहापट फरक, पण कानाला तो साधारण दुप्पट किंवा निम्मा वाटतो. तेव्हा ६ डेसिबल हा फरक कळतो, पण ‘वा!’ म्हणण्याइतका नसतो. १२.५ मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डाचं वजन चौरस मीटरला सुमारे ९ किलो. त्यावर दुसरा बोर्ड ठोकला, ६ डेसिबल मिळाले. पुढचे ६ हवेत तर एक बोर्ड पुरत नाही, आणखी दोन लागतात. त्यापुढच्या ६ ला चार. या वाटेनं गेलं तर खोली भिंतीतच संपते.

म्हणून दोन वेगळ्या भिंती करतात. आतला सांगाडा बाहेरच्या भिंतीला कुठेही न टेकता उभा करायचा, मध्ये मोकळी जागा सोडायची आणि तिच्यात रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून केलेली तंतूंची लोकर, सैलसर भरायचं. एक स्क्रू जरी या भिंतीतून त्या भिंतीत आरपार गेला तरी पुन्हा पूल तयार. दोन पातळ पत्रे आणि मध्ये हवा, हीसुद्धा एक स्प्रिंगच असते हे मात्र विसरू नये. दोन्ही बाजूंना एकेक बोर्ड आणि मध्ये १० सेंटिमीटर हवा असेल तर ही जोडी ९० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते आणि नेमक्या त्याच पट्टीत भिंत असून नसल्यासारखी होते. ५० हर्ट्झच्या विजेवर ट्रान्सफॉर्मरची गुणगुण असते १०० हर्ट्झची. केवढा योगायोग! दोन्ही बाजूंना दोन-दोन बोर्ड लावले की तो घुमारा ६० च्या जवळ उतरतो आणि रॉकवूलने आणखी बोथट होतो. तेव्हा बोर्ड वाढवायचेच असतील तर ते कानाला जाणवणाऱ्या डेसिबलसाठी कमी आणि या घुमाऱ्याला गुणगुणीच्या वाटेतून बाजूला सारायला जास्त.

आता फटी. दरवाजा २ मीटर उंच, ८० सेंटिमीटर रुंद. खाली १ सेंटिमीटर फट. तिचं क्षेत्रफळ दरवाजाच्या दोनशेव्या भागाएवढं भरतं. पण त्या दोनशेव्या भागातून आवाज बिनविरोध जातो, त्यामुळे अख्खा दरवाजा कितीही जड केला तरी २३ डेसिबलच्या वर तो काही अडवू शकत नाही. फळीचं लाकूड शिसवी असो की तकलादू, गणित तेच. शोधायची युक्ती सोपी आहे. आत दिवे लावायचे, दार लावून बाहेर पूर्ण अंधार करायचा आणि डोळे सरावेपर्यंत पाच मिनिटं उभं राहायचं. काळोखात बारीक उजेडाच्या रेघा दिसायला लागतात. कोपऱ्यात एक, स्विचबोर्डच्या कडेनं एक, छताला जिथे बोर्ड टेकला तिथे लांबच लांब एक. जिथून उजेड येतो तिथून आवाज येणारच. माझ्या खोलीत अशा अकरा रेघा निघाल्या आणि सगळ्यात जाड रेघ मोठ्या कौतुकानं बसवलेल्या पुस्तकांच्या कपाटाखाली होती.

आणि आता श्वास

इथवर सगळं ध्वनीच्या बाजूनं बोललो. जड करा, तोडा, बुजवा. याच सूत्राने शेवटपर्यंत गेलं तर हवाबंद डबा तयार होतो आणि झाडं त्यात आठवडाभरात मान टाकतात. सगळी अडचण इथे आहे. आवाज आणि हवा एकाच भोकातून ये-जा करतात. भिंती बांधणं हे सुताराचं काम आहे, होऊन जातं. खरी कसोटी त्या दोन भोकांची, जी मुद्दाम ठेवावी लागतात.

हवा किती लागते याचा अंदाज दिव्यांवरून येतो. पान ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतं. लेट्यूससारख्या पालेभाजीला दर चौरस मीटरवर सेकंदाला २५० मायक्रोमोल प्रकाशकण १६ तास मिळाले की दिवसाची बेरीज १४ मोलच्या वर जाते (मोल हे कण मोजायचं एकक, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग). तेवढं तिला पुरतं. चांगला एलईडी दिवा एका ज्यूल विजेतून २.५ मायक्रोमोल तरी देतो. म्हणजे एका चौरस मीटरला १०० वॉटचा दिवा. (हे शक्य झालं ते निळ्या एलईडीमुळे. तो घडवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) पंखा, पंप, दिव्यांना वीज पुरवणारे ड्रायव्हर धरून १५० वॉट समजू.

आता एक गोष्ट पचायला जरा जड आहे. या १५० वॉटपैकी जवळपास सगळेच खोलीत उष्णता म्हणून उरतात. ‘एलईडी गरम होत नाही’ हे अर्धसत्य. भिंतीवर पडलेला, पानानं गिळलेला प्रकाशसुद्धा शेवटी उष्णताच होतो. झाड त्यातला अगदी थोडा भाग साखरेत साठवतं. त्यात आपण भिंतीत भरलेलं रॉकवूल आवाजाइतक्याच निष्ठेनं उष्णताही अडवतं. हवा खेळती नसेल तर एवढ्याशा दिव्याने त्या खोलीचं तापमान बाहेरपेक्षा दहा-पंधरा अंश वर जाऊ शकतं.

एक घनमीटर हवा एक अंशाने तापायला सुमारे ०.३३ वॉट-तास लागतात. खोली बाहेरपेक्षा ३ अंशच जास्त गरम राहावी असं वाटत असेल तर १५० ला ०.३३ गुणिले ३ ने भागायचं. उत्तर येतं तासाला १५० घनमीटर. माझी खोली जेमतेम ५ घनमीटरची. म्हणजे खोलीतली सगळी हवा दर दोन मिनिटांनी बदलायची! एवढी हवा फिरली की कार्बन डायऑक्साइडची वेगळी चिंता उरत नाही. बाहेरच्या हवेत तो दहा लाखांत ४२० भागांच्या आसपास असतो. बंद खोलीत पानं तो भराभर खाऊन टाकतात आणि मग दिवे कितीही लावा, वाढ जागच्या जागी. काही जण यावर उपाय म्हणून वायूचं सिलिंडर आणून ठेवतात. छोट्या, हवाबंद, बाहेरून न दिसणाऱ्या खोलीत ते कधीही करू नये. गळती झाली तर तो वायू कळायच्या आत माणसाला बेशुद्ध करतो.

तासाला १५० घनमीटर हवा फेकणारा छोटा पंखा आणला तर तो पूर्ण वेगाने किंचाळत चालेल. इथे पंख्यांचा एक नियम मदतीला येतो आणि या सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही ठेवावी. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण वीज लागते आठव्या हिश्शाएवढी आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. १५ डेसिबल! भिंतीचं वजन दुप्पट करून जे मिळतं त्याच्या अडीचपट, आणि तेही एक खिळा न ठोकता. म्हणून गरजेच्या दुप्पट क्षमतेचा पंखा घ्यायचा आणि त्याला अर्ध्या वेगानं रमतगमत चालवायचं. वेग कमी करायला साधा रेग्युलेटर लावला तर काही मोटरी वेगळीच कुरकुर सुरू करतात, कारण तो रेग्युलेटर विजेची लाट मध्येच कापतो. ज्या पंख्याच्या मोटरमध्येच इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रण असतं, ज्याला ईसी मोटर म्हणतात, तो घेतला की ही कटकट संपते.

पंखा कधीही भिंतीला किंवा छताला स्क्रूने आवळू नये. पंपाची गोष्ट आठवा. तो पट्ट्यांवर टांगायचा आणि दोन्ही बाजूंना कापडी किंवा फ्लेक्सिबल डक्टचा सैल तुकडा जोडायचा. पाइप जाड घ्यायचा. १५० मिलिमीटरच्या पाइपातून ही हवा सेकंदाला अडीच मीटरच्या आत वाहते, ऐकू येत नाही. तीच हवा १०० मिलिमीटरच्या पाइपात कोंबली तर वेग पाच मीटरच्या वर जातो आणि प्रत्येक वळणावर ती सुसाटते. मग दोष पंख्याला दिला जातो.

हवा बाहेर पडण्याचं भोक वर, कारण गरम हवा वर साचते. आत येण्याचं खाली, समोरच्या कोपऱ्यात आणि आकाराने बाहेरच्यापेक्षा मोठं. त्या दुसऱ्या भोकाचा सगळ्यांना विसर पडतो. बाहेर जाणाऱ्या वाटेवर सायलेन्सर लावतात आणि आत येणाऱ्या वाटेवर नुसती जाळी ठोकून मोकळे होतात. आवाजाला बाण वाचता येत नाहीत. हवा आत येत असली तरी तो त्याच भोकातून खुशाल बाहेर पडतो.

त्यासाठी एक खोकं करावं लागतं. जड प्लायवूडचं, आत दोन-तीन आडव्या फळ्या, एक डावीकडून आलेली, दुसरी उजवीकडून, म्हणजे हवेला नागमोडी वळत जावं लागतं. आतल्या सगळ्या बाजूंना ५ सेंटिमीटर जाडीचं रॉकवूल, त्यावर तंतू उडू नयेत म्हणून पातळ कापड. वाट पाइपापेक्षा कुठेही अरुंद होता कामा नये. हवा वळते, आवाज सरळ जाऊन भिंतीवर आपटतो, तिथे रॉकवूल त्याला गिळतं, उरलेला पुढच्या वळणावर आपटतो. शोषण्याचं काम इथे कामी आलं! भिंतीवर फुकट गेलेला तो गुण खोक्यात सोन्यासारखा ठरतो. पण फोम नको, रॉकवूलच. साधा पॉलियुरेथेन फोम भडकतो आणि त्याचा धूर विषारी असतो. दिवे, ड्रायव्हर आणि वायरी असलेल्या कोंदट खोलीत तो सगळ्या भिंतींना चिकटवून मी दोन महिने राहिलो होतो, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. एका रविवारी सगळा खरवडून काढला.

खोकं शिट्टीसारखा, घरघरीसारखा वरच्या पट्टीतला आवाज छान मारतं. खालच्या पट्टीपुढे मात्र त्याचं चालत नाही. १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते. तिला ५ सेंटिमीटर रॉकवूल म्हणजे उंबरठासुद्धा नाही. म्हणून खालची गुणगुण जिथे जन्मते तिथेच मारावी लागते, पंपाखाली, पंख्याच्या पट्ट्यांत, ड्रायव्हरच्या स्क्रूंत. उरलेलं भिंत आणि खोकं बघून घेतं. हा क्रम उलटा केला की पैसाही जातो आणि झोपही.

रात्रीची गोष्ट

दिवे मालवले की लोकांना वाटतं आता पंखाही बंद करावा, तेवढीच शांतता. मीही टायमरवर दोन्ही एकत्र जोडले होते. सकाळी कपाट ओढलं की ओल्या कपड्यांच्या गाठोड्याचा वास यायचा. टाकीत रोज जेवढं पाणी भरतो, त्यातलं बहुतेक सगळं पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन हवेतच जातं. २५ अंशांवर ७० टक्के आर्द्रता असलेली हवा १९ अंशांपर्यंत निवली की दव धरते. दिवे गेले की खोली निवते. बाहेरच्या भिंतीकडचा बोर्ड सगळ्यात आधी. पाणी आधी तिथे बसतं, दिसत नाही अशा बाजूला, आणि मागे काळी बुरशी धरते. पानांवर राखाडी बुरशी येते ती नंतर.

लेट्यूसची आणखी एक तक्रार याच कोंदटपणाची. मधल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी, जळल्यासारख्या होतात. खत कमी पडलं म्हणून मी द्रावणात कॅल्शियम ओतत राहिलो. द्रावणात कॅल्शियम भरपूर होतं, ते आतल्या पानांपर्यंत पोहोचतच नव्हतं. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर चढतं आणि प्रवाह तेव्हाच असतो जेव्हा पानातून पाणी उडतं. हवा स्तब्ध आणि ओली असेल तर आतली मिटलेली पानं उपाशी राहतात. एक छोटा पंखा पानं जेमतेम डोलतील एवढ्या वाऱ्यावर लावला आणि पुढच्या खेपेला कडा हिरव्या आल्या.

तेव्हा रात्री पंखा बंद करायचा नाही, आणखी संथ करायचा. १५० च्या जागी ४०-५० घनमीटर पुरतात आणि वरचाच नियम लावला तर त्या वेगाला तो ऐकूच येत नाही. आणि यातच सगळ्यात स्वस्त ध्वनिरोधक सापडतं, ते म्हणजे टायमर. झाडांचा १६ तासांचा दिवस घरातल्या जागेपणाशी जुळवून घ्यायचा. घर बोलत, वावरत असतं तेव्हा दिवे आणि पंखा जोरात. घर झोपलं की झाडांचीही रात्र. विजेचा दर रात्री कमी असेल तिथे उलटं करायचा मोह होतो. शेजारी कुणी झोपत नसेल तर खुशाल करावं.

पालकाला मात्र १६ तासांचा दिवस मानवत नाही. तो पानं सोडून फुलोऱ्याचा दांडा काढतो. झाडं रात्रीची लांबी मोजतात हे कोडं सुटायला सुरुवात झाली तीही अंधाऱ्या, बंद खोलीतच. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अॅलर्ड यांनी उन्हाळ्यात नुसतीच उंच वाढणारी, फुलायला तयार नसलेली तंबाखूची एक जात रोज काही तास काळोख्या शेडमध्ये ठेवली. दिवस तोकडा झाला आणि झाडं फुलली. १९२० साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. म्हणून पालकाला वेगळी मांडणी, वेगळा टायमर, १० ते १२ तास. त्याच्याकडे शेजारचा उजेड झिरपू नये म्हणून मध्ये एक काळा पडदा.

राहिलं ते लपलेलं दार. याबद्दल लोकांना सगळ्यात जास्त उत्सुकता असते आणि यात सांगण्यासारखं सगळ्यात कमी आहे. पुस्तकांनी भरलेल्या फळीचं वजन मीटरला सहज २० किलोच्या वर जातं, पाच फळ्या म्हणजे शंभर किलोचं दार. वजन आवाजाच्या दृष्टीने उत्तम, बिजागरीच्या दृष्टीने संकट. कपाटाखाली चाक लागतं आणि चाकासाठी फट लागते. म्हणून मी कपाटामागे दुसरं, साधं, जड दार बसवलं, चारी कडांना दबणारी रबरी पट्टी आणि खाली दार लागताना आपोआप उतरणारी सील. आवाज ते दार अडवतं, कपाट फक्त शोभेला. दोन्ही दारं आतून एका हातानं, अंधारात, किल्लीशिवाय उघडली पाहिजेत. खोलीत धुराचा अलार्म हवा आणि तो बाहेर ऐकू यायला हवा. इतकी शांत खोली बांधल्यावर तो आतल्या आत ओरडून काय उपयोग? म्हणून बाहेरच्या अलार्मशी जोडलेला घ्यावा. वीजजोडणी पाण्याच्या वर, प्रत्येक वायरीला प्लगच्या आधी खाली झोळ, म्हणजे थेंब प्लगपर्यंत न जाता तिथूनच गळतो. आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ब्रेकर असल्याशिवाय टाकीत हात घालू नये.

खोली पाहुण्यांच्या नजरेआड असावी, घरच्यांच्या नव्हे. आत माणूस आहे हे कुणाला तरी ठाऊक असलंच पाहिजे. भाड्याचं घर असेल तर मालकालाही. आणि कायद्याने ज्या रोपाला बंदी आहे ते लावायला कुणाला अशी खोली हवी असेल, तर त्याच्यासाठी मी हे लिहिलेलं नाही.

पंपाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. फरशी, स्पंज, इलॅस्टिक सगळं करून तो जवळपास गप्प झाला होता. मग हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांची पद्धत हाती लागली. तिच्यात पंपच नसतो. रोप झाकणात अडकवायचं, मुळांची टोकं द्रावणात. झाड जसं पाणी पितं तशी पातळी उतरते आणि वर मोकळ्या झालेल्या दमट जागेत मुळं हवा घेतात. अट एकच, उतरलेली पातळी पुन्हा काठोकाठ भरायची नाही, नाहीतर हवेला सरावलेली मुळं गुदमरतात. लेट्यूसला हे झकास मानवतं. मोठ्या टाकीतल्या पुदिन्याला अजून पंप लागतो, पण दिवसाच.

परवा रात्री पुन्हा भिंतीला कान लावला. बराच वेळ काहीच नाही. मग एक बारीक ‘घूंऽऽ’. आत जाऊन पंखा पाहिला, ड्रायव्हरवर हात ठेवून पाहिला. सगळं गार, गप्प. स्वयंपाकघरातला फ्रिज होता. त्याच्या पायांखालचे पॅड दबलेत की नाही, ते उद्या बघतो.